दर तीन महिन्यांनी ब्लॉगवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' येतंय? नुसतं रिन्यू करत बसू नका, अडलंय कुठं ते शोधा

लक्षण असं. काल रात्रीपर्यंत ब्लॉग व्यवस्थित उघडत होता आणि सकाळी क्रोममधे लाल खूण, खाली 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. वाचणाऱ्याला वाटतं साईट हॅक झाली, ब्लॉगवाल्याला वाटतं होस्टिंग बंद पडलं, आणि बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं, एसएसएल सर्टिफिकेटची, म्हणजे 'ही साईट याच पत्त्याची आहे, जोडणी सुरक्षित आहे' असं ब्राऊझरला सांगणाऱ्या दाखल्याची, मुदत संपलेली असते एवढंच. मग घरातलं नाहीतर ओळखीतलं कुणीतरी पोरगं बसतं, नवीन सर्टिफिकेट टाकून देतं, साईट चालू, चहा, विषय संपला. तीन महिन्यांनी परत तेच. गाडीच्या पीयूसीसारखं आहे हे, पोलिसानं हात केला की आठवतं.

मी आमच्या मामांचा ब्लॉग सांभाळतो. मामा रिटायर्ड शिक्षक, सोलापूरवर लिहितात, गड्ड्याची यात्रा, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगं, भुईकोट किल्ला, नान्नजचा माळढोक, मधेच शेंगाचटणीवर पण एक मोठा लेख आहे. एरवी वाचक मोजकेच, पण जानेवारीत बाहेरगावची माणसं 'नंदीध्वज मिरवणूक मार्ग' असं शोधत येतात आणि तेव्हा गर्दी होते. आता गंमत बघा. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट सर्टिफिकेट देते, ते ९० दिवसांचं. १५ ऑक्टोबरला घेतलं तर १३ जानेवारीला संपतं, म्हणजे ऐन गड्ड्याच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या गडबडीत. तिथं नवीन घेतलं की पुढचं संपतं १३ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी. मग १२ जुलै, म्हणजे आषाढीच्या आगेमागे, आणि मग १० ऑक्टोबर, दसरा-कोजागिरीच्या दिवसांत, जेव्हा निम्मं सोलापूर तुळजापूरला चालत निघालेलं असतं. ९० दिवसांचं चक्र एकदा या तारखांना अडकलं की सोलापूरच्या ब्लॉगला वर्षातून चारदा बरोब्बर नको तेव्हा दणका बसतो. दोस्ताचा फोन येतो, "काय करलालास बे, मामांचं ब्लॉग उघडंना की!" आणि आपण असतो रस्त्यावर गर्दीत, हातात फोन, फोनला रेंज नाही.

पहिलं काम, वाचकांना 'ॲडव्हान्स्ड दाबा आणि पुढं जा' असं सांगू नका. आज तुमच्या ब्लॉगवर चालून जाईल, पण त्याच काकांना उद्या बँकेच्या नावाच्या खोट्या पानावर तेच करायची सवय लागते. ब्राऊझर खोटं बोलत नाहीये, त्याचं ऐका.

दुसरं, त्या पानावर बारीक अक्षरात एक कोड असतो तो वाचा, अर्धं निदान तिथंच होतं. 'सर्ट डेट इनव्हॅलिड' असेल तर मुदत संपली. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' असेल तर सर्टिफिकेट आहे पण भलत्याच नावाचं आहे, बहुतेक वेळा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू शिवायच्या नावाला घेतलंय आणि लोक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून येतायत, किंवा उलटं. 'अथॉरिटी इनव्हॅलिड' असेल तर सर्व्हरवर घरचंच बनवलेलं सर्टिफिकेट लागलंय किंवा मधली साखळी, म्हणजे इंटरमिजिएट सर्टिफिकेट, टाकायचं राहिलंय. हे शेवटचं जरा फसवं, कॉम्प्युटरवर साईट छान उघडते आणि काही मोबाईलवर बोंब, कारण काही ब्राऊझर मधला दुवा स्वतः शोधून आणतात आणि काही आणत नाहीत. क्वालिसची एसएसएल लॅब्स नावाची फुकट तपासणी आहे, तिथं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा पत्ता, टाकलं की 'चेन इनकम्प्लीट' असं स्पष्ट लिहून येतं.

तारखा बघायच्या असतील तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा. २०२३ पासून क्रोममधे तिथं कुलूप नसतं, दोन रेघा आणि दोन गोळ्यांचं चिन्ह असतं, त्यामुळं कुलूप शोधत बसू नका. आत सर्टिफिकेट उघडलं की कधीपासून कधीपर्यंत ते दिसतं.

आता खरा मुद्दा. बहुतेक जण मुदत संपली म्हणजे नवीन घ्या एवढंच करतात. पण लेट्स एन्क्रिप्टची सगळी योजनाच अशी आहे की माणसानं हात लावायचा नाही, मुदतीचे ३० दिवस राहिले की सर्व्हरनं आपणहून नवीन आणायचं. म्हणजे तुमची साईट आज बंद पडली असेल तर गडबड आज झालेली नाही, महिनाभर आधीपासून सर्व्हर रोज प्रयत्न करतोय आणि रोज नापास होतोय, आणि कुणी बघितलेलं नाही. किंवा सर्व्हर प्रयत्नच करत नाहीये. पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपायच्या आधी ईमेल पाठवायचं, त्यामुळं निदान कळायचं तरी. ४ जून २०२५ पासून त्यांनी ते मेल बंद केलेत. बऱ्याच जणांना हे माहीतच नाही, ते अजून मेलची वाट बघतायत.

तर नवीन सर्टिफिकेट निघालंच नाही, की निघालंय पण साईटवर लागलं नाही, हे आधी ठरवा. यासाठी सीआरटी डॉट एसएच नावाची साईट आहे, तिथं आपलं डोमेन टाका. जगात निघणारी जवळपास सगळी सर्टिफिकेटं सार्वजनिक नोंदवहीत जातात आणि ती इथं शोधता येतात. तुमच्या नावावर गेल्या महिन्याभरात नवीन नोंद दिसत असेल तर सर्टिफिकेट निघालंय, दुखणं सर्व्हरच्या आत आहे. नसेल तर निघायलाच अडचण आहे. दोन्ही रस्ते वेगळे आहेत आणि हे न बघता लोक होस्टिंगवाल्याशी तासतासभर चॅट करत बसतात.

निघालंच नसेल तर

स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर सगळ्यात जास्त सापडणारं कारण: कुणीतरी कधीतरी फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या एखाद्या वेबसाईटवरून झिप उतरवली आणि सी-पॅनेलमधे, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधे, हातानं चिकटवली. असं चिकटवलेलं सर्टिफिकेट आपोआप रिन्यू होत नाही, होणारच नाही, कारण सर्व्हरला ते कुठून आलं हेच माहीत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते चिकटवलेलं पडून असलं की सी-पॅनेलचं ऑटोएसएसएल, म्हणजे आपोआप सर्टिफिकेट आणणारी सोय, सहसा त्याला हात लावत नाही, 'मालकानं स्वतःचं लावलंय, आपण कशाला' असा त्याचा हिशोब, मुदत संपत आली तरी. ते बदलायची सेटिंग असते पण ती होस्टिंगवाल्याच्या हातात. तेव्हा एसएसएल-टीएलएस मधे जाऊन, मॅनेज एसएसएल साईट्स मधून ते जुनं हातानं लावलेलं काढून टाका आणि मग एसएसएल-टीएलएस स्टेटस मधे जाऊन 'रन ऑटोएसएसएल' दाबा. तिथंच डोमेनच्या समोर 'एक्सक्लूड' केलेलं नाही ना ते पण बघा. मेल, वेबडिस्क असल्या सबडोमेनसमोर लाल दिसलं तर घाबरू नका, मुख्य नाव आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हिरवं झालं की ब्लॉगचं काम झालं.

तुमच्या होस्टिंगमधे ऑटोएसएसएल नसेलच आणि 'एसएसएल पाहिजे तर विकत घ्या' असं सांगत असतील तर माझं स्पष्ट मत, होस्टिंग बदला. विकतच्या आणि फुकटच्या सर्टिफिकेटमधे ब्लॉगच्या वाचकाला काडीचा फरक दिसत नाही, एन्क्रिप्शन तेच असतं. आणि विकतचं घेऊन वर्षभर सुटलो म्हणायचे दिवस पण गेले. ब्राऊझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांच्या फोरमनं एप्रिल २०२५ मधे ठराव केला, त्याप्रमाणं कुठल्याही सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. लेट्स एन्क्रिप्टनं पण २०२८ पर्यंत ४५ दिवसांवर यायचं जाहीर केलंय. म्हणजे आज वर्षातून चारदा हातानं करताय ते तेव्हा आठदा करावं लागेल, नाहीतर आत्ताच नीट बसवा.

ऑटोएसएसएल किंवा सर्टबॉट (स्वतःच्या सर्व्हरवर हेच काम करणारा प्रोग्राम) आहे, तरी नापास होतंय, मग वाट कुठंतरी अडलीय. लेट्स एन्क्रिप्ट तपासतं कसं ते एकदा समजून घेतलं की अंदाज बांधता येतो. ते सर्व्हरला सांगतात, तुझ्या साईटवर 'डॉट वेल-नोन' फोल्डरमधे, त्यात 'ॲक्मे-चॅलेंज' मधे, ही एवढी फाईल ठेव, आणि मग ते बाहेरून पोर्ट ८० वर, म्हणजे साध्या एचटीटीपीवर, ती फाईल मागायला येतात. फाईल मिळाली तर डोमेन तुमचंच, घ्या सर्टिफिकेट. नाही मिळाली तर चला घरी. त्यामुळं ब्लॉग सुरक्षित करायच्या उत्साहात कुणी फायरवॉलवर, म्हणजे सर्व्हरच्या पहारेकऱ्यावर, पोर्ट ८० बंद केलं असेल तर ते उघडा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर पाठवणारं रीडायरेक्ट चालतं, ते त्याच्या मागं मागं जातात, दार बंद मात्र चालत नाही.

हे स्वतः तपासणं अगदी सोपंय. फाईल मॅनेजरमधून त्या ॲक्मे-चॅलेंज फोल्डरमधे एक टेक्स्ट फाईल टाका, आत 'नमस्कार' लिहा, आणि घरचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर ती उघडा. फोल्डर दिसतच नसेल तर फाईल मॅनेजरच्या सेटिंगमधे 'शो हिडन फाईल्स' टिक करा, नाव टिंबानं सुरू होतं म्हणून लपलेलं असतं. 'नमस्कार' दिसलं तर निदान ढोबळ वाट मोकळी. ४०३ आलं तर वर्डप्रेसच्या सिक्युरिटी प्लगिननं टिंबानं सुरू होणारी सगळी फोल्डरं अडवलेली असतात, सर्व्हरचे नियम असलेल्या एचटीॲक्सेस फाईलमधे तसा नियम सापडेल, त्यात वेल-नोनला सूट द्या. ब्लॉगचंच 'पान सापडलं नाही' वालं पान आलं तर कुठलातरी रीराईट, म्हणजे पत्ता बदलणारा, नियम ती मागणी मधेच पळवतोय. लॉगिन मागितलं तर साईटला पासवर्ड लावलाय. 'लवकरच येत आहोत' आलं तर मेंटेनन्स मोड चालू राहिलाय, हे पण होतं हो, हसू नका.

आणि 'नमस्कार' छान दिसतंय तरी रिन्यू होत नाही, अशी पण एक जात आहे, त्यात जास्त डोकं जातं. दोन गोष्टी बघा.

एक, देशाचं कुंपण. ब्लॉगवर परदेशातून फालतू कमेंट यायला लागल्या की माणूस वैतागून फायरवॉलमधे 'फक्त भारत' करून टाकतो. ब्लॉग मराठी, वाचक इथले, कुणाचं काय बिघडतं? बिघडतं हे की लेट्स एन्क्रिप्ट २०२० पासून एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून फाईल मागून बघतं, आणि त्यांचे आयपी पत्ते ते जाहीर करत नाहीत, त्यामुळं 'एवढ्यांना सोडा' अशी यादी पण करता येत नाही. तुम्हाला सोलापुरातून फाईल दिसते, त्यांना तिकडून दिसत नाही. निदान त्या वेल-नोनच्या पत्त्याला तरी सगळ्या जगाला मोकळीक द्या आणि कमेंटसाठी कमेंटचाच बंदोबस्त करा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात फसवं, जुना आयपीव्ही-सिक्स पत्ता, म्हणजे सर्व्हरचा नव्या पद्धतीचा लांब पत्ता. होस्टिंग बदलताना आपण डीएनएसमधे, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदीत, 'ए' रेकॉर्ड बदलतो, चार आकड्यांचा पत्ता, तो ओळखीचा असतो. पण त्याच्याच खाली 'एएएए' असा चार वेळा ए लिहिलेला रेकॉर्ड असतो, लांबलचक कोलन-कोलनवाला, तो तसाच जुन्या सर्व्हरकडं बोट दाखवत राहतो. लेट्स एन्क्रिप्टला दोन्ही पत्ते दिसले तर ते आधी आयपीव्ही-सिक्सवर जातं. तिकडं जुना सर्व्हर उत्तर देतो, 'असली फाईल माझ्याकडं नाही', आणि रिन्यू नापास. याची ओळखायची खूण सांगतो. जिओच्या मोबाईल डेटावर ब्लॉग जुना दिसतो किंवा इशारा येतो, आणि घरच्या केबलवाल्या ब्रॉडबँडवर सगळं ठीक. जिओचं मोबाईल नेटवर्क मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही-सिक्सवर चालतं आणि घरच्या जुन्या राऊटरवर ते बऱ्याचदा बंद असतं, म्हणून दोन माणसं दोन वेगळ्या साईट बघत असतात आणि फोनवर एकमेकांशी भांडत असतात. नवीन होस्टिंगनं आयपीव्ही-सिक्स पत्ता दिला असेल तर तो भरा, नसेल दिला तर एएएए रेकॉर्ड उडवून टाका. डीएनएसमधेच 'सीएए' नावाचा रेकॉर्ड असेल तर त्यात लेट्स एन्क्रिप्टचं नाव आहे का ते पण बघा, तो रेकॉर्ड म्हणजे 'माझ्या डोमेनला फक्त अमक्यानंच सर्टिफिकेट द्यावं' अशी चिठ्ठी असते. रेकॉर्डच नसेल तर काळजी नाही.

या सगळ्यात एक करू नका, दर दोन मिनिटाला रिन्यूचं बटण दाबू नका. एका नावाला तासात ५ वेळा तपासणी नापास झाली की लेट्स एन्क्रिप्ट थांबवतं, आणि त्याच नावांचं तेच सर्टिफिकेट आठवड्यात ५ पेक्षा जास्त वेळा देत नाही. आधी कारण काढा मग दाबा. स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे भाड्यानं घेतलेला वेगळा सर्व्हर, असेल तर 'सर्टबॉट रिन्यू' ला 'ड्राय-रन' जोडून चालवा, ती रंगीत तालीम असते, खऱ्या मर्यादेत धरत नाहीत, आणि कुठं अडलं ते नीट वाक्यात लिहून येतं. लेट्स डीबग नावाची साईट पण आहे, बिनसर्व्हरवाल्यांसाठी उत्तम.

निघालंय पण लागलं नसेल तर

हे सरळ आहे. सर्टबॉटनं नवीन फाईल आणून ठेवली पण एनजिनएक्स किंवा अपाची (साईट वाचकाला पोचवणारे सर्व्हरवरचे प्रोग्राम) अजून जुनंच डोक्यात धरून बसलंय, कारण ते सुरू होताना एकदाच वाचतात. रीलोड केलं की लगेच नवीन. कायमचं करायचं तर सर्टबॉटला डिप्लॉय-हुक द्या, म्हणजे नवीन आलं की सर्व्हर आपोआप रीलोड. आपोआप प्रयत्नच होत नाहीयेत असं वाटलं तर सर्टबॉटचा टायमर चालू आहे का बघा, तो दिवसातून दोनदा चालतो. आणि पहिल्यांदा घेताना 'मॅन्युअल' प्रकारानं घेतलं असेल, म्हणजे डीएनएसमधे टीएक्सटी रेकॉर्ड हातानं टाकून, तर ते रिन्यू आपोआप होणार नाही, नव्यानं वेबरूट (वर सांगितलेली फाईल ठेवायची पद्धत) किंवा एनजिनएक्सच्या प्रकारानं घ्या.

क्लाऊडफ्लेअर, म्हणजे वाचक आणि सर्व्हरच्या मधे बसणारी सेवा, वापरणाऱ्यांचं थोडं वेगळं. वाचकाला दिसतं ते क्लाऊडफ्लेअरचं सर्टिफिकेट, ते तेच आपोआप रिन्यू करतात, संपतं ते मागच्या तुमच्या सर्व्हरवरचं, आणि मोड 'फुल स्ट्रिक्ट', म्हणजे मागचं सर्टिफिकेट पण कडक तपासणारा, असेल तर एरर ५२६ येतो. घाईत कुणीतरी 'फ्लेक्सिबल' करतं, मग साईट स्वतःभोवतीच फिरायला लागते आणि 'टू मेनी रीडायरेक्ट्स'. फ्लेक्सिबल करू नका. क्लाऊडफ्लेअरचंच ओरिजिन सर्टिफिकेट १५ वर्षांपर्यंतचं मिळतं, ते सर्व्हरवर टाका आणि स्ट्रिक्टच ठेवा. फक्त लक्षात ठेवा की ते क्लाऊडफ्लेअर मधे असेपर्यंतच चालतं, उद्या तो नारंगी ढग बंद केलात तर ब्राऊझर ते मानणार नाही.

ब्लॉगरवर स्वतःचं डोमेन लावलेल्यांना यातलं फार काही नाही, सर्टिफिकेट गूगल बघतं, सेटिंगमधे एचटीटीपीएस चालू आहे ना एवढं बघा.

एचएसटीएस, म्हणजे 'ही साईट फक्त एचटीटीपीएसवरच उघड' असं ब्राऊझरला बजावणारी सेटिंग, तिच्याबद्दल एक वाक्य, रिन्यू एकदा आपोआप झालेलं स्वतःच्या डोळ्यानं बघेपर्यंत ते चालू करू नका. एकदा ब्राऊझरनं ते लक्षात ठेवलं की मुदत संपल्यावर 'पुढं जा' ही वाटच राहत नाही, नेहमीचा वाचक पूर्ण बाहेर.

आता पहारा. फोनच्या कॅलेंडरमधे सर्टिफिकेट संपायच्या २० दिवस आधीची नोंद टाका आणि त्या दिवशी फक्त तारीख बघा. ३० दिवस राहिलेले असताना बदलायला हवं होतं, २० दिवस राहिले तरी जुनीच तारीख दिसतेय म्हणजे आपोआपचं गाडं अडलंय आणि हातात अजून निवांत वेळ आहे. मामांच्या ब्लॉगला मी हेच करतो, गड्ड्याच्या आधी डिसेंबरात एकदा बघून घेतो. सर्टिफिकेटची मुदत सांगणाऱ्या फुकट मॉनिटरिंग सेवा पण आहेत, त्या लावा, पण त्यांचा मेल ज्या पत्त्यावर येतो तो पत्ता त्याच डोमेनचा ठेवू नका. आणि डोमेनची स्वतःची वार्षिक मुदत हा वेगळा विषय, ती संपली तर सर्टिफिकेट कितीही ताजं असो, ब्लॉगच गायब.

सगळं हिरवं झालं तरी एखाद्या पानावर 'पूर्ण सुरक्षित नाही' येत असेल तर त्या पानावर जुने फोटो एचटीटीपीच्या पत्त्यानं जोडलेले आहेत. वर्डप्रेसमधे बेटर सर्च रिप्लेस नावाचं प्लगिन आहे, आधी बॅकअप, मग जुना पत्ता शोधून नव्यानं बदला. डेटाबेसमधे सरळ हात घालून बदलू नका, विजेट आणि थीमच्या सेटिंगमधे अक्षरांची लांबी पण साठवलेली असते, ती चुकली की सेटिंग उडतं.

आणि सगळ्यांना दिसतंय पण एकाच माणसाला इशारा येतोय, असं असेल तर त्यांच्या फोनची तारीख विचारा. बॅटरी पूर्ण उतरून चालू झालेला जुना फोन कधीकधी कुठल्या कुठं मागं गेलेला असतो आणि त्याच्या दृष्टीनं तुमचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. तारीख 'ऑटोमॅटिक' केली की उघडतं. तारीख बरोबर असून उघडत नसेल आणि फोन अँड्रॉइड ७.१ च्या आधीचा असेल तर २०२४ नंतर त्या फोनचा लेट्स एन्क्रिप्टवर विश्वास राहिलेला नाही, तिथं ब्लॉगच्या बाजूनं उगाच खटपट करत बसू नका, त्यांना लेख पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवा.